सुरी, म्यान आणि माणसाची कंबर

व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषयाची विचारणा केली, तेव्हा आम्ही संपांचा इतिहास सांगू किंवा किमान वेतनाविषयी बोलू असे त्यांना वाटले असावे. तीस वर्षे कामगार संघटनेत काढलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करायची? आम्ही ‘म्यान’ असा विषय कळवला. चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. तलवारीचे म्यान काय, असेही विचारले. तलवारीचे नव्हे. रानात, शेतात, डोंगरावर, जहाजावर काम करणाऱ्या माणसाच्या सुरीचे आणि कोयत्याचे म्यान. ते कशाचे असावे आणि अंगावर कोठे बाळगावे, हा प्रश्न माणसापुढे निदान पाच हजार वर्षे आहे. आमच्यापुढे मात्र तो चार वर्षांपूर्वी एका रात्री अचानक येऊन उभा राहिला.

ऊसतोडणीचा हंगाम होता. एक टोळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून एका फडावरून दुसऱ्या फडाकडे चालली होती. ट्रॉलीत बायका, पुरुष, लेकरे, भांडी, गोधड्या, आणि कोयते. कोयते फडक्यात गुंडाळून गाठोड्यात बांधलेले. चाक खड्ड्यात गेले, गाठोडे घसरले आणि एका बाईच्या पोटरीत कोयता फडक्यासकट शिरला. बारा टाके पडले, तीन आठवडे तोड बुडाली. श्रोत्यांपैकी काहींना ठाऊक नसेल म्हणून सांगतो : ऊसतोडीच्या व्यवहारात नवरा-बायकोच्या जोडीलाच ‘एक कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मिळणारी उचल कोयत्यावर ठरते, आणि एकटा माणूस असेल तर तो ‘अर्धा कोयता’. त्या बाईविषयी मुकादम आम्हांला म्हणाला, “अर्धा कोयता बसून आहे.” तो थट्टा करीत नव्हता, हिशेब सांगत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या बाईला विचारले की कोयत्याला म्यान का नाही. ती म्हणाली, “भाऊ, म्यान राजाच्या तलवारीला. आमच्या कोयत्याला फडकं.”

ते वाक्य आमच्या डोक्यातून जाईना. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेथे जे सापडले आणि इकडून तिकडून जे जमवले, ते आज आपणांपुढे मांडतो. बाईचे म्हणणे खरे आहे की खोटे, एवढेच आम्हांला पाहायचे होते.

प्रथम शब्द पाहू. ‘म्यान’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत ‘मियान’ म्हणजे मध्य. माणसाच्या शरीराचा मध्य म्हणजे कंबर, म्हणून त्याच शब्दाचा दुसरा अर्थ कंबर. आणि तिसरा अर्थ पात्याचे घर. हे तिन्ही अर्थ कोशात एकाखाली एक दिलेले पाहिले तेव्हा आम्हांला मोठी गंमत वाटली. म्यानाचा विचार करायचा तर आधी कमरेचा विचार केला पाहिजे, आणि कमरेचा विचार म्हणजे तो माणूस दिवसभर काय करतो याचा विचार. आपल्याकडे मात्र म्यान हा शब्द तलवारीने बळकावला. संग्रहालयात मखमलीची, चांदीच्या मुखाची म्याने काचेमागे दिसतात. लाकडाची आणि सालीची म्याने चुलीत गेली. पुण्याला राजा दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या. तशा कोणी कोयत्याच्या आकड्या जमवल्या, तर आम्ही त्याच्या घरी पायी जाऊ.

आल्प्सच्या बर्फात मात्र असे एक म्यान सापडले आहे. १९९१ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रिया आणि इटली यांच्या सीमेवर, ओट्झ खोऱ्याच्या माथ्यावर, ३,२१० मीटर उंचीवर गिर्यारोहकांना एक प्रेत दिसले. प्रथम ते अलीकडच्या एखाद्या अपघातातले वाटले. तपासणीअंती तो माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा ठरला. खोऱ्याच्या नावावरून त्याला ‘ओट्झी’ म्हणतात. त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती, अपुरे राहिलेले धनुष्य होते, चौदा बाणांचा भाता होता, पाठीवर ओझे नेण्याची लाकडी चौकट होती. आणि एक लहानशी सुरी होती. पाते चकमकीच्या जातीच्या दगडाचे, पुन्हा पुन्हा धार लावून झिजलेले, टोक मोडलेले; मूठ लाकडाची. सगळी मिळून लांबी तेरा सेंटिमीटरांच्या आसपास. या एवढ्याशा सुरीला म्यान होते. लिंडेन नावाच्या झाडाच्या आतल्या सालीचे तंतू काढून ते विणलेले होते. आकार त्रिकोणी, लांबी सुमारे बारा सेंटिमीटर. एका कडेला कातड्याची वादी होती, ती पट्ट्यात अडकवण्यासाठी असावी असे अभ्यासक म्हणतात.

या आकड्यांवर आम्ही बराच वेळ विचार केला. तेरा सेंटिमीटरांच्या सुरीला बारांचे म्यान, म्हणजे पात्याबरोबर मुठीचाही बराच भाग आत जात असणार. मग सुरी बाहेर काढायची कशी? मुठीच्या टोकाला एक खाच आहे आणि तिला दोरी बांधलेली होती. ती ओढण्यासाठी असावी, हा आमचा तर्क. त्याची जबाबदारी आमच्यावर. ओट्झीच्या अंगावर शेळ्यामेंढ्यांची कातडी होती. सालीच्या म्यानाला राजा लागत नाही, एवढे मात्र ठरले. बाईच्या वाक्याचा पूर्वार्ध तेथेच पडला.

मूठ गिळणारे म्यान म्हटले की फिनलंड आठवावे लागते. तेथल्या शेतकऱ्याची, मच्छीमाराची, लाकूडतोड्याची सुरी म्हणजे ‘पूक्को’. तिला मुठीच्या आणि पात्याच्या मध्ये आडवी पट्टी नसते. म्हणून ती म्यानात खोल उतरते. मुठीचा अर्धाअधिक भाग आत, बाहेर फक्त पकडायला पुरेल एवढे टोक. बटण नाही, बंद नाही. कातडे मुठीला घट्ट बसते, तेवढ्याने ती धरली जाते; घोडा उधळला, माणूस होडीत पालथा पडला तरी सुटत नाही. काढताना अंगठ्याने म्यानाच्या तोंडावर रेटा द्यायचा. एका हाताने, थंडीचे मोजे घातलेल्या हातानेसुद्धा, काम होते. कातड्याच्या आत बहुधा लाकडाचे अस्तर असते. त्यामुळे टोक कातडे फाडून मांडीत शिरत नाही. आणि हे म्यान पट्ट्याला आवळून बांधलेले नसते. ते फासावर लोंबते. होडी वल्हवणारा, घसरगाडीवर बसणारा, ओंडक्यावर टेकणारा माणूस बसला की सुरी मांडीबरोबर आपोआप बाजूला होते. ताठ बांधलेली सुरी बसणाऱ्याच्या बरगडीत मूठ खुपसते किंवा मांडीत टोक. ज्याला दिवसातून पन्नास वेळा बसावे आणि उठावे लागते, त्यानेच हे लोंबते म्यान काढले असले पाहिजे.

याच फिनलंडच्या दक्षिण ओस्त्रोबोथ्निया भागात एकोणिसाव्या शतकात सुरीबाज गुंडांचा सुळसुळाट झाला होता. लग्नसमारंभात घुसून ते सुऱ्या काढीत. लोकांनी त्यांना ‘पूक्कोयुंक्कारी’ असे नाव दिले. म्हणून फिनलंडने पूक्को टाकून दिला काय? नाही. आजही तेथे एखाद्याचा सन्मान करताना पूक्को भेट देतात. हे लक्षात असू द्यावे. पुढे पुण्याच्या संदर्भात त्याचा उपयोग होईल.

बसणाऱ्याचे झाले. चढणाऱ्याचे काय?

आमचे आजोळ कोकणात. मामा माडावर चढत. त्यांच्या कमरेला पाठीमागे आकडी असे. आकडी म्हणजे खरे म्यान नव्हे; खाच पाडलेला लाकडाचा तुकडा दोरीने कमरेला बांधायचा, कोठे लोखंडी पट्टीची कडीही असते. तीत कोयता वरून सोडायचा. मूठ वर, पाते खाली, आणि पाते उघडेच. लहानपणी आम्हांला ते पाहून धडकी भरे. लागत नाही का, असे विचारले की मामा म्हणत, बसण्याआधी कोयता काढायचा एवढे ध्यानात ठेवले की पुरे. वर्षानुवर्षे आम्हांला ही निव्वळ बेफिकिरी वाटत आली. आता वाटत नाही. माडावर चढणाऱ्याची छाती आणि पोट खोडाला घासते. पुढे काही ठेवता येत नाही. बाजूला ठेवले तर गुडघे उघडताना, मांड्या आवळताना आड येते. मोकळी जागा एकच, ती पाठीमागची. कोयत्याचे पाते वाकडे असल्यामुळे सरळ खोबणीचे म्यान त्याला बसत नाही. आणि एक हात खोडाभोवती असताना दुसऱ्या हाताला, न पाहता, मूठ सापडली पाहिजे. आकडीने धोका पत्करला तो बसण्याच्या वेळचा. चढण्याच्या वेळचा टाळला. मामा वर असताना बसत नसत, आणि खाली आले की पहिल्याने कोयता काढून भिंतीला लावीत. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात याच जागी पितळेची ‘तोडंग’ असते आणि तीत ‘ओडिकत्ती’ हा रुंद कोयता अडकवतात. आता तो बहुधा लग्नाकार्याच्या पोशाखातच दिसतो.

माडावरचा माणूस आणि शिडाच्या जहाजाच्या डोलकाठीवरचा खलाशी यांचे काम एकाच जातीचे. आमच्या रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत ही दोन्ही कामे एका पिढीच्या अंतराने झाली आहेत. युरोप-अमेरिकेतला खलाशीही आपली सुरी पट्ट्याला पाठीमागे म्यानात ठेवी. दोरखंडाच्या जाळीवर पोट टेकून चढायचे, म्हणून पुढे काही नको. आणि कोणता हात मोकळा असेल ते वारा ठरवणार, म्हणून सुरी अशी मध्यावर हवी की दोन्ही हातांना सारखी पोचता यावी. अडकलेला दोर क्षणात कापता आला नाही तर बोटे जात, कधी माणूस जाई. ही सुरी त्याच्या कामाचे हत्यार होती, तशीच जिवाची राखणदारही.

आणि २७ जुलै १८६६ रोजी अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा केला, की व्यापारी जहाजावरील खलाशाने म्यानातली सुरी अंगावर बाळगू नये. भरतीच्या वेळी कप्तानाने हे प्रत्येकाला सांगावे आणि पाळायला लावावे, नाहीतर कप्तानाला पन्नास डॉलर दंड. जहाजावर मारामाऱ्या होत, सुऱ्या निघत, हे खरे आहे. आम्ही ते नाकारत नाही. पण उपाय काय काढला? मिटणारा चाकू वापरावा, जो उघडायला बहुधा दोन हात लागतात. ज्याचा एक हात दोराला आहे त्याने दुसरा कोठून आणायचा? हा कायदा लिहिणाऱ्यांपैकी किती जण डोलकाठीवर चढले होते, असे आमच्यासारख्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. आणखी एक तारीख त्याच्या शेजारी ठेवून पाहावी. अमेरिकन जहाजांवर फटके मारण्याची शिक्षा १८५० साली बंद झाली, तरी कप्तान आणि त्याचे मदतनीस खलाशांना मारीत राहिले. शारीरिक शिक्षा कायद्याने सर्वस्वी बंद व्हायला १८९८ साल उजाडावे लागले. म्हणजे खलाशाची सुरी कायद्याने आधी काढून घेतली आणि कप्तानाचा हात त्यानंतर बत्तीस वर्षांनी धरला. सुरीचा तो नियम आजच्या अमेरिकन संहितेतही आहे. कप्तानाची संमती असेल तर चालते, एवढी सवलत त्यात आहे.

त्याच १८६६ च्या ऑक्टोबरात, सुऱ्या-चाकूंसाठी जगभर प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात एका करवत घासणाऱ्या कामगाराच्या घरात बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. चौकशीत निघाले की त्यामागे त्याच धंद्यातल्या संघटनेचा चिटणीस होता. संघटनेपासून फुटणाऱ्याला धडा शिकवायचा होता. आमच्या पेशातल्या लोकांनी हे पान फाडून टाकू नये. त्याच चौकशीच्या गदारोळातून पुढे १८७१ साली इंग्लंडात संघटनांना कायद्याची मान्यता मिळाली, हेही त्याच पानाच्या मागे लिहिलेले आहे. विषयांतर झाले, कमरेकडे परत येऊ.

पाठ ही सर्वांत सोयीची जागा, असे कोणी या दोन उदाहरणांवरून म्हणू लागेल, तर त्याने नेपाळच्या डोंगरात जावे. तेथे पाठीवर ‘डोको’ असतो. म्हणजे विणलेली मोठी टोपली, जिचा पट्टा कपाळावरून घेतात. धान्य, सरपण, खत, कधी आजारी माणूससुद्धा त्या टोपलीतून चढणीवर जातो. पाठ गुंतली, मागे जागा नाही. म्हणून तेथला शेतकरी आपली खुकुरी कमरेला गुंडाळलेल्या ‘पटुक्या’त पुढल्या अंगाला खोचतो, जवळजवळ आडवी. तीच खुकुरी गुरखा पलटणीत गेली, आणि पाहा कशी फिरली. १८१४ ते १८१६ च्या इंग्रज-नेपाळ युद्धात, १८१५ पासूनच, इंग्रजांनी गुरख्यांच्या पलटणी उभ्या करायला सुरुवात केली. शिपायाच्या कमरेला पुढे काडतुसांच्या पिशव्या आल्या, डोको गेला, आणि खुकुरी पट्ट्यावर मागच्या बाजूला सरकली. पाते तेच राहिले. माणसाचे काम बदलले, म्हणून म्यानाची जागा बदलली.

खुकुरीचे म्यान हा स्वतंत्र पाहण्यासारखा प्रकार आहे. त्याला ‘दाप’ म्हणतात. लाकडाची दोन कोरलेली फळकुटे जोडून त्यांवर कातडे चढवतात आणि टोकाला धातूची टोपी बसवतात. मागच्या बाजूला दोन लहान खिसे. एकात ‘कर्द’ ही छोटी सुरी, बारीक कामाला. दुसऱ्यात ‘चकमक’, बोथट, पाते घासायला आणि गारेवर ठिणगी पाडायला. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे आपण म्हणतो; नेपाळ्याच्या म्यानात तीन पाती सुखाने राहतात. मात्र हे म्यान धरण्याची रीत आहे. धारेच्या बाजूवरून बोटे वळवून धरायचे नाही. कातडे जीर्ण असेल, सांधा उकलला असेल, तर पाते ओढताना सांध्यातून बाहेर येते आणि चारही बोटे कापते. पाठीच्या बाजूने धरावे. हा नियम खुकुरीपुरता नाही. कोणत्याही म्यानाला लागू आहे.

आता हे दाप करतो कोण? पाते घडवतो तो ‘कामी’, कातडे चढवतो तो ‘सार्की’. १८५४ साली नेपाळात जो ‘मुलुकी ऐन’ नावाचा कायद्याचा ग्रंथ झाला, त्यात या दोन्ही जातींना अस्पृश्य ठरवले होते. त्यांच्या हातचे पाणी चालत नसे, स्पर्श झाला तर पाणी शिंपडून शुद्धी करावी लागे. १९६३ च्या नव्या ऐनाने तो भेद कायद्यातून काढला. शंभरांहून अधिक वर्षे असे चालले, की ज्याच्या स्पर्शाने विटाळ होई त्याच्या हातचे म्यान मात्र मोठ्या अभिमानाने कमरेला, पोटाशी लावलेले! आपल्याकडे फारसे निराळे नव्हते. ढोरांनी हिरडा आणि बाभळीची साल घालून कातडे कमवायचे, चांभारांनी ते शिवायचे, आणि दोघांनीही गावाच्या कडेला राहायचे. पुण्यात जिनगर आळी आहे. खोगिरे आणि कातड्याचे काम करणाऱ्यांची ती वस्ती. लंडनमध्येही मध्ययुगात पाते घडवणारा, मूठ बसवणारा आणि म्यान करणारा हे वेगवेगळे कारागीर होते. सर्वांचे जोडकाम करून विकणारा तो ‘कटलर’. १४१६ साली पाचव्या हेन्री राजाने सनद दिली ती कटलरांना. पात्यावर घडवणाऱ्याची खूण असते. म्यान करणाऱ्याचे नाव म्यानावर घातलेले आमच्या पाहण्यात फारसे आलेले नाही.

आता आपल्या गावाकडे येतो. २०२२-२३ च्या सुमारास पुण्याच्या वर्तमानपत्रांत ‘कोयता गँग’ हा शब्द रूढ झाला. पोरे कोयते नाचवीत गाड्या फोडू लागली, माणसांवर वार करू लागली. पोलिसांनी कोयते विकणाऱ्यांकडे लक्ष वळवले, गिऱ्हाइकाची ओळख नोंदवून ठेवा म्हणून सांगितल्याच्या बातम्या आल्या. गुंडांचा बंदोबस्त झालाच पाहिजे. पण त्या दिवसांत आमच्या संघटनेतला एक गवंडीकाम करणारा मनुष्य, सुट्टीला गावी नारळ काढायला निघालेला, पिशवीतल्या कोयत्यापायी एका नाक्यावर अर्धा दिवस बसून राहिला. ज्याच्या हातात कोयता दिसेल तो गुंड, असे धरले तर ऊस कोण तोडणार?

कायदा याहून शहाणा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात शस्त्राची व्याख्या देताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी केलेल्या वस्तू वगळलेल्या आहेत. नियमांच्या परिशिष्टात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांचा उल्लेख आहे, पण तेथेही घरगुती, शेतकी, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची पाती बाजूला काढलेली आहेत. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणाला संरक्षण आहे. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या ३७ व्या कलमाखाली मनाईहुकूम निघाला की सुरी, काठी सारेच त्यात येऊ शकते. त्या दिवसांत कामाच्या हत्याराविषयी हुकूम नीट वाचून मगच बाहेर पडावे. इंग्लंडच्या १९८८ च्या कायद्यातही सार्वजनिक जागी पाते बाळगणाऱ्याला ‘कामासाठी’ हा बचाव दिलेला आहे. आमचा अनुभव असा की हा बचाव कागदावर असतो, आणि नाक्यावर पाहिली जाते ती पाते बाळगण्याची तऱ्हा. फडक्यातला कोयता लपवलेला वाटतो. हातातला उगारलेला वाटतो. म्यानात, बंद लावून, अवजारांच्या पिशवीत ठेवलेला कोयता अवजार वाटतो. बाईच्या त्या वाक्याचा उत्तरार्ध आम्हांला येथे जाचू लागला.

म्हणून आम्ही म्यान करायला घेतले. त्यातले थोडे आपल्याही उपयोगी पडेल. आपणांपैकी पुष्कळ जण सुट्टीत गड चढतात आणि बरोबर सुरी नेतात.

पहिला नमुना कातड्याचा. तालुक्याच्या गावच्या एका जुन्या कारागिराने तो शिवून दिला. त्याने आम्हांला शिकवले की धारेच्या बाजूला दोन कातड्यांच्या मध्ये तिसरी जाड पट्टी घालावी लागते. नाहीतर धार टाक्यांवर चालते आणि महिन्याभरात म्यान उकलते. तळाला भोक ठेवावे, म्हणजे पाणी निथळते. सालीत कमावलेले कातडे ओले करून पात्यावर दाबले की पात्याचा आकार धरते. नमुना देखणा झाला. फडात मात्र तो आठ दिवस टिकला. पहाटेच्या दवाने भिजला, आणि भिजलेल्या म्यानात पाते रात्रभर राहिले की गंजते. कातड्याचे म्यान वाहून नेण्यासाठी असते, साठवणीसाठी नसते, हे आम्ही पुस्तकात वाचूनही विसरलो होतो. त्यावर उसाचा रस सुकला. तिसऱ्या रात्री म्यानाला मुंग्या लागल्या. बाया हसून हसून बेजार झाल्या.

दुसरा नमुना पाण्याच्या प्लॅस्टिक नळाचा, उभा चिरून गरम करून दाबलेला. परदेशात याच तत्त्वावर ‘कायडेक्स’ नावाच्या पत्र्यासारख्या प्लॅस्टिकची म्याने करतात. ते १९६५ साली विमानांच्या आतल्या भागांसाठी निघाले. ते कुजत नाही, पाणी पीत नाही, तापवून हवा तो आकार घेते. आमचा नळ कुजला नाही, पण थंडीत तडकला आणि चालताना खडखडला.

तेव्हा त्या पोटरीला जखम झालेल्या बाईने आम्हांला विचारले, “भाऊ, हे कमरेला कशापायी बांधताय?” आम्ही मामांची आकडी सांगितली, गुरखा सांगितला, फिनलंड सांगितले. ती म्हणाली, फडात कोयता हातातून सुटतच नाही. पहाटेपासून दुपारपर्यंत तो हातात. वाकून तोडायचे, वाकून मोळी बांधायची. कमरेचे म्यान वाकताना बरगडीत घुसते. कोयता हातात नसतो तो फक्त वाटेने जाताना, ट्रॉलीत आणि कोपीत, पोरे निजलेली असतात तेव्हा.

आम्ही जे तीन वर्षे पुस्तकांत शोधत होतो ते तिने दोन मिनिटांत सांगितले. पाते हातात नसते तेव्हा ते कोठे असते आणि शेजारी कोण असते, एवढे पाहून म्यान ठरवायचे. त्या टोळीला कमरेचे म्यान नकोच होते.

तिसरा नमुना मग बायांनीच केला. मोटारसायकलच्या जुन्या टायरचा तुकडा धारेवर दुमडून, कडेने तांब्याच्या तारेने शिवलेला. सायकलच्या ट्यूबची पट्टी मुठीभोवती अडकवायची, म्हणजे निसटत नाही. कोपीत आणि ट्रॉलीत सारे कोयते असे बंद करून एका पोत्यात, पोते पुढच्या फळीला टांगलेले, पोरांच्या हातापासून वर. टायर फुकट, तार नऊ-दहा रुपयांची. गेल्या हंगामात त्या टोळीत त्रेचाळीस म्याने झाली. एकीने खिळा तापवून आपल्या म्यानावर स्वतःचे नाव कोरले. मुकादमाच्या वहीत तो कोयता तिच्या नवऱ्याच्या नावावर आहे.

वाटाघाटींत आम्ही म्यानाची मागणी घातली तेव्हा समोरच्या बाजूने उत्तर आले की कोयता कामगाराचा, तर म्यानही कामगाराचेच. मागणी यंदाही यादीत आहे, क्रमांक सतरा.

तिन्ही नमुने बाहेर टेबलावर मांडले आहेत. श्रोत्यांनी जाताना हाताळून पाहावेत. तिसऱ्यातल्या कोयत्याला धार आहे. म्यान पाठीच्या बाजूने धरावे.